मिश्र वाक्य

ह्यांना अपघात झाला त्या उन्हाळ्यात आमची मुलगी दोन वर्षांची होती आणि नुकतीच बोलायला लागली होती. भूम तालुक्यातल्या एका गावात आम्ही राहत होतो. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि हे गावच्या दूध सोसायटीचे सचिव. सचिव म्हटलं की मोठं काही वाटतं. काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, फॅट बघायचं आणि कॅन जीपमध्ये चढवून भूमला शीतकरण केंद्रावर पोचवायचे. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. शेतात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक कुठून कुठून कडबा आणून म्हशी जगवत होते आणि म्हशी लोकांना.

हे आधीपासूनच बोलके. बहात्तरच्या दुष्काळात अगदी तरुण असताना ते तलावाच्या कामावर मुकादम होते. खडी फोडणाऱ्या बायकांना दिवसभर गोष्टी सांगत बसायचे, असं सासूबाई सांगायच्या. साधी बातमीसुद्धा ह्यांना सरळ देता यायची नाही. "आपल्याकडं परवा जो माणूस आला होता, ज्याची म्हैस त्याच्या मेव्हण्यानं परस्पर विकली म्हणून तो भांडत होता, त्याच्या गावाला टँकर सुरू झाला," असं बोलायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि वाक्याच्या शेवटी कुठं जाऊन पोचणार याची वाट बघायची. ह्यात काही विशेष आहे असं तेव्हा कधी मनात आलं नाही. माणसं बोलतात तशी बोलतात, एवढंच.

त्या संध्याकाळी जीपमध्ये जागा नव्हती म्हणून हे मागच्या फळीवर उभे राहून गेले. ओढ्याच्या पुलाजवळ चाक खड्ड्यात गेलं आणि हे रस्त्यावर फेकले गेले. डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला. ड्रायव्हरनं कॅन तिथंच रस्त्याकडेला उतरवले, ह्यांना आत झोपवलं आणि थेट बार्शी गाठली. बार्शीच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, सोलापूरला न्यायला सांगितलं. मला निरोप मिळाला तेव्हा मी मुलीला सासूबाईंजवळ सोडून नेसत्या लुगड्यानिशी निघाले.

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात हे बरेच दिवस बेशुद्ध होते. मग एका सकाळी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाणी."

मी रडले. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, रडता काय, ओळखलं त्यांनी तुम्हाला." खरंच ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी आईचं विचारलं, पोरीचं विचारलं. उजवा हात जरा जड होता, पण तोही हलत होता. जीव वाचला, ओळख राहिली, आणखी काय पाहिजे, असं वाटून मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण विचारण्यात काहीतरी वेगळं होतं. हे म्हणाले होते, "पोरगी... कुठं... झोपणं?" मला वाटलं, अशक्तपणा असेल. पण अशक्तपणा गेला तरी बोलणं तसंच राहिलं. "दूध... गाडी... पडणं." "आई... येणं... न्हाय?" शब्द सगळे जागेवर होते. म्हैस, कॅन, कडबा, टँकर, माझं नाव, सगळं. फक्त एक शब्द दुसऱ्याला धरत नव्हता. पिशवी फाटल्यावर धान्य जमिनीवर सांडतं तसे शब्द सांडायचे, आणि हे माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की मला तिकडं बघवायचं नाही. आपलं चुकतंय हे त्यांना कळत होतं.

मेंदूचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी ह्यांच्यासमोर टेबलावर एक पेन आणि एक किल्ली ठेवली. "पेन उचला." उचललं. "किल्ली दाखवा." दाखवली. मग म्हणाले, "पेननं किल्लीला हात लावा." ह्यांनी किल्ली उचलून पेनला लावली. डॉक्टरांनी वाक्य फिरवून पुन्हा विचारलं. ह्यांनी पुन्हा अंदाजानं काहीतरी केलं आणि माझ्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांची बुद्धी गेलेली नाही. शब्दही गेलेले नाहीत. शब्दाला शब्द जोडायची जी जागा आहे, तिथं मार बसलाय. बोलताना जोडता येत नाही आणि ऐकताना सोडवता येत नाही. 'आईनं चहा केला' हे त्यांना कळेल, कारण चहा काही आईला करत नाही. पण 'म्हशीनं गाईला ढकललं' म्हणाल तर कुणी कुणाला, हे कळणार नाही."

"येईल का परत?" मी विचारलं.

"थोडं येईल. किती ते मी सांगू शकत नाही. बोलत राहा त्यांच्याशी."

घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली अंगणात उभी होती. सासूबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. दोन-चार दिवसांतच त्यांनाही कळलं. एकदा मी ह्यांना म्हणाले, "जेवायच्या आधी ही गोळी घ्या," आणि कामाला लागले. हे जेवले आणि मग गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी "जेवल्यावर ती पांढरी घ्या" म्हटलं, तर ती आधीच घेऊन बसले. 'गोळी' कळायचं, 'जेवण' कळायचं. आधी काय आणि नंतर काय, ते त्या 'आधी'च्या आणि 'वर'च्या आत अडकून राहायचं. तेव्हापासून मी आमच्या घरातलं बोलणंच मोडून ठेवलं. "ही गोळी." ती पोटात गेली की, "आता जेवण." एक वाक्य, एक काम. सासूबाईंना हे जमायचं नाही. त्या बोलायला लागल्या की आपल्याच नादात बोलायच्या, आणि हे मान हलवत बसायचे, कळल्यासारखी.

शेजारी एक थोराड शेतकरीण होती, सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. अक्का म्हणाली, "म्या तुळजापूरला नवस बोलते."

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर सासऱ्यांनी घरातले देव काढले होते. सासूबाई म्हणाल्या, "अक्का, आमी नवस करीत न्हाय, ठावं हाय ना तुमाला?"

"नवस तुमचा न्हाय, माझा हाय. तुमी कशाला मधी पडता?" अक्का म्हणाली. 

सोसायटीच्या चेअरमननी घरी येऊन सांगितलं की मापाला तात्पुरता दुसरा माणूस बसवलाय, ह्यांनी बरं व्हावं, जागा त्यांचीच आहे. चेअरमन हे सगळं ह्यांच्यासमोर एका दमात बोलले. हे हसले, मान हलवली. ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले ते?" बराच वेळ लागला. मग म्हणाले, "दुसरा... माणूस." आणि डोळ्यात पाणी आलं. काम गेलं असंच त्यांना वाटलं होतं. मी समोर बसून एकेक तुकडा सांगितला. "काम तुमचं. दुसरा माणूस थोडे दिवस. मग तुम्ही." तेव्हा कुठं चेहरा सैल झाला.

शाळा सुरू झाली. सातवीला मराठी आणि विज्ञान दोन्ही माझ्याकडंच होतं. मराठीच्या तासाला वाक्याचे प्रकार आले. केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य. वर्षानुवर्षं मी ते शिकवलं होतं. 'जो अभ्यास करतो तो पास होतो', खाली रेघ मारा, प्रधान वाक्य ओळखा, गौण वाक्य ओळखा. मुलं कंटाळायची आणि मीही. त्या वर्षी फळ्यावर 'मिश्र वाक्य' लिहिलं आणि खडू हातात धरून मी नुसतीच उभी राहिले. जे ह्यांच्या डोक्यातून निसटलं होतं ते हेच होतं. 'की', 'जो', 'तो', 'म्हणून', 'तर'. एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य ठेवायचं आणि तरी दोन्ही सांभाळायची. समोरची सगळी पोरं, ज्यांना ह्या धड्यात जेमतेम दहापैकी चार पडायचे, मधल्या सुट्टीत हेच न शिकता करायची. "बाई, ती म्हणती की म्या तिची पाटी फोडली, पण म्या न्हाय फोडली."

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या तासाला माणसाच्या उत्क्रांतीचा धडा होता. पुस्तकात ती रांग होती. वाकून चालणारा, मग कमी वाकलेला, मग ताठ. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, ह्यातला कोणता बोलायला लागला?"

मी म्हणाले, "ते पुस्तकात नाही."

"मग बोलायच्या आधी ते एकमेकांना कसं सांगायचे?"

"हातानं, आवाजानं सांगत असतील."

ती थोडा विचार करून म्हणाली, "पण कालचं कसं सांगत असतील? आणि दुसऱ्यानं सांगितलेलं?"

 "मला माहीत नाही, विचारून सांगते," मी म्हणाले. विचारायला माझ्याजवळ एकच माणूस होता.

दिवाळीच्या सुट्टीत ह्यांना दाखवायला सोलापूरला नेलं, तेव्हा तपासणी झाल्यावर मी डॉक्टरांना वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न सांगितला. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "हाडं सापडतात बाई, बोलणं सापडत नाही. त्यामुळं ठाम कुणालाच सांगता येत नाही. वाघ आला एवढं माकडंही एकमेकांना सांगतात. पण 'काल ज्या झाडाखाली वाघ बसला होता तिकडं पोरांना जाऊ देऊ नको', हे माणूसच सांगू शकतो. तिथवर कसा आला? कुणी म्हणतात हातांमुळं. दगडाला धार काढायची तर आधी दुसरी बाजू नीट करून घ्यावी लागते, ती करायला आधी ठोकायचा वेगळा दगड शोधावा लागतो. कामाच्या आत काम. ते हातांना जमलं, मग तोंडाला जमलं. दुसरे म्हणतात, माणसं घोळक्यानं राहायची, कोण कुणाला काय म्हणालं याचा हिशेब ठेवता ठेवता जमलं. दोन्ही खरं असेल किंवा तिसरंच काही. एक मात्र बहुतेकांना पटतं. ह्या कामासाठी मेंदूत नवं यंत्र कुणी आणून बसवलं नाही. जे होतं, जे दुसरी कामं करत होतं, तेच हळूहळू ह्या कामाला लागलं."

मी विचारलं, "मग आताही लागेल? ह्यांच्या डोक्यात, दुसरं काही?"

 "म्हणून तर मी तुम्हाला बोलत राहायला सांगितलं," डॉक्टर एवढंच म्हणाले.

परत येताना मी एस.टी.त खिडकीशी बसून त्या कामाच्या आतल्या कामाचा विचार करत होते. घरी एक बाज सैल होऊन पडली होती. हे पूर्वी बाजा छान विणायचे. मी काथ्याची दोरी आणली आणि समोर ठेवली. उजवा हात हळू चालायचा, पण दोन वरून, एक खालून, कोपऱ्यावर वळवून परत, हे सगळं त्यांना आठवत होतं. बोलताना तुटणारा माणूस विणताना कुठं तुटत नव्हता. मी शेजारी बसून बोलायची. "ही दोरी वरून घेतली. म्हणून ती खालून." "जी दोरी सैल आहे, ती ओढा." सुरुवातीला 'जी'कडं त्यांचं लक्षही जायचं नाही. पण दोरी समोर असायची, हातात असायची, त्यामुळं माझं वाक्य कळलं नाही तरी काम कळायचं. हळूहळू मी काम होण्याआधी वाक्य बोलायला लागले, आणि कधी कधी त्यांचा हात बरोबर त्याच दोरीवर जायचा.

आमची बाज झाली, मग अक्काची झाली, मग गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या झाल्या. त्यानंच फरक पडला की तो पडणारच होता, मला सांगता यायचं नाही.

इकडं आमची मुलगी भराभर पुढं चालली होती. आधी "आई पानी" म्हणायची, मग "आई, पानी दे", मग एक दिवस सासूबाईंनी तिला आतून पाठवलं तर अंगणात येऊन म्हणाली, "बाबा, आजी म्हनली चा घ्या." एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापाशी नेऊन पोचवलं तिनं. मग तो खेळच झाला. सासूबाई चुलीपुढून तिला निरोप द्यायच्या आणि ती धावत जाऊन बापाला सांगायची. तिची वाक्यं लहान असायची आणि ती तेच तेच बोलायची, न कंटाळता. हे आमच्यापेक्षा तिचं जास्त समजायचे. ते उत्तर द्यायचे, "आजी... सांग... नको," आणि ती परत धावत. काही दिवसांनी "आजीला सांग" झालं. ते 'ला' ऐकून मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले होते. तोवर ह्यांचा दुसरा शब्द चुकलाही होता.

असे महिने गेले. वाक्यं जरा लांब झाली, क्रियापदं जागेवर यायला लागली. "मी जेवलो." "पोरगी झोपली." पण वाक्यात वाक्य नाही. एक संपलं की दुसरं, मधे काही नाही. मी मनाशी ठरवलं की एवढ्यावर भागवायचं. एवढ्यावर दूध मापता येईल, संसार होईल. तरी शाळेतून येताना कधीतरी वाटायचं, आता परवाच्या त्या माणसाची, ज्याची म्हैस मेव्हण्यानं विकली, त्याची गोष्ट मला कोण सांगणार?

पुढचा उन्हाळा लागला होता. एका रविवारी सकाळी ह्यांचे एक चुलत भाऊ आले. शेजारच्या वस्तीवर राहायचे. माणूस चांगला, पण सायकल मागून न्यायचा आणि आठवडा आठवडा परत आणायचा नाही. आणली तर मडगार्ड वाकलेलं. ह्यांचा सायकलीवर फार जीव. अपघातानंतर चालवता येत नव्हती, तरी रोज पुसून ठेवायचे.

चुलत भाऊ चहा प्यायले, दुष्काळाच्या चार गोष्टी झाल्या आणि मग म्हणाले, "दादा, सायकल नेऊ का जरा? भूमच्या बाजाराला जायचं व्हतं."

मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते.  ह्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, कळलं नाही की काय. मी मदतीला बोलणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि एकेक शब्द चाचपडत म्हणाले, "हिनं... सांगितलंय की... टायर बदलल्याशिवाय... सायकल कुणाला... द्यायची न्हाय."

मी असं काहीही सांगितलं नव्हतं. टायर चांगले होते.

चुलत भाऊ माझ्याकडं वळले. "व्हय का वैनी?"

 "व्हय," मी म्हणाले, "मीच सांगितलंय. टायर पार गेलेत."

"बरं, ऱ्हाऊ द्या मग," असं म्हणून ते बिचारे चालतच बाजाराला गेले. ते वळणाआड होईपर्यंत मी कशीबशी बसून राहिले. मग सूप बाजूला सारून आत पळाले आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. सासूबाई चुलीपाशी फुंकणी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खोटं बोलला गं!" त्या म्हणाल्या. "माझा लेक चांगला खोटं बोलला! लई दिवसानं!"

ह्यांना बाहेर काही कळेना. "काय झालं? काय झालं?" म्हणत आत आले. आम्हा दोघींकडं बघून आधी घाबरले, मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मान खाली घालून चोरासारखे हसले. म्हणाले, "तो... लई दिवस आणत न्हाय... म्हणून."

"म्हणून!" मी म्हणाले. "म्हणून म्हणालात तुम्ही!"

सासूबाईंनी डब्यातली साखर काढली आणि गल्लीत वाटायला गेल्या. कशाची साखर, असं लोक विचारायचे आणि त्या सांगायच्या, "पोरगं खोटं बोललं." लोकांना वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलं. फक्त अक्काला बरोबर कळलं. ती पुढच्या मंगळवारीच तुळजापूरची गाडी पकडून गेली आणि येताना माझ्या मुलीला हिरव्या बांगड्या घेऊन आली.

त्या दिवशी दुपारी मी पडल्या पडल्या त्या वाक्याचा विचार करत होते. एवढंसं खोटं बोलायला त्यांना काय काय एकाच वेळी धरून ठेवावं लागलं असेल. मी, मी न बोललेलं वाक्य, अजून न झालेलं काम, आणि ते ऐकून भावाला काय वाटेल तेही. डॉक्टर म्हणाले होते ते घोळक्यातलं बोलणं ते हेच असावं. शाळा उघडल्यावर मी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला जेवढं समजलं तेवढं सांगितलं. ती आता आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार होती, दाखला न्यायला आली होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कुणालाच नक्की ठावं न्हाय?" मी नाही म्हणाले. त्यात तिला वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

एकदा सापडलेली वाट मग रुंद होत गेली. रोज नाही, पण आठवड्याला काहीतरी नवं यायचं. एक दिवस 'जर' आला. 'ज्यानं' यायला फार वेळ लागला. पाऊस त्या वर्षी बरा झाला आणि पोळ्याच्या सुमाराला हे मापावर परत बसले. चेअरमननी शब्द पाळला. थकले की अजूनही प्रत्यय गळायचे, समोरचा फार भरभर बोलला की हात वर करून "हळू" म्हणायचे, आणि लोक हळू बोलायचे. गावानं ते सहज सांभाळून घेतलं.

शेवटच्या तपासणीला सोलापूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी फारसं काही विचारलंच नाही. ह्यांच्याशी पाऊसपाण्याच्या, दुधाच्या गप्पा मारल्या, आणि पुन्हा यायची गरज नाही म्हणाले. बाहेर येऊन आम्ही स्टँडवर भजी खाल्ली. बार्शीवरून जाणारी गाडी मिळाली, बसायला जागाही मिळाली. ह्यांनी मला विचारलं, "तू वर्षभर गाडीत कधी झोपली न्हायस ना?" मी नाही म्हणाले. "झोप आता," ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळानं तेही झोपले असणार, कारण कंडक्टरनं आम्हाला हलवून उठवलं तेव्हा गाडी भूमच्या स्टँडात रिकामी उभी होती.